हार्ड डिस्कवरील संगीत जुन्या स्टीरिओवर: हमिंग आणि हाताला येणारी चुणचुण

आगरातले घर (वेंगुर्ला तालुका)

नमस्कार. वडिलांनी १९८८ च्या सुमारास मुंबईहून आणलेला एक स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे दोन मोठे स्पीकर आमच्या माजघरात आहेत. वडील गावातील भजन मंडळात पखवाज वाजवत असत. सप्ताहातील आणि डबलबारीतील भजनांच्या त्यांनी स्वतः केलेल्या चाळीस कॅसेट घरात होत्या. त्यांच्या निधनानंतर मी त्या तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात देऊन एमपी३ करून घेतल्या. याशिवाय शास्त्रीय संगीताच्या आणि नाट्यसंगीताच्या सुमारे अडीचशे सीडी मी संगणकावर उतरवत आहे. हे सर्व एका हार्ड डिस्कवर आहे. कॅसेटचा डेक बंद पडून बरीच वर्षे झाली, परंतु अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर चालू आहेत.

सध्या मी लॅपटॉपच्या हेडफोनच्या खाचेतून एक साधी केबल काढून ती अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्सला (बाहेरचे यंत्र जोडण्याच्या खाचेला) जोडली आहे. गाणे लागते, पण मागे सतत घुमल्यासारखा आवाज येत राहतो. विलंबित ख्यालात गायक श्वास घेण्यासाठी थांबला की नेमका तोच आवाज पुढे येतो. हा आवाज एप्रिल-मे महिन्यांत जास्त असतो आणि भर पावसाळ्यात बराच कमी होतो, असे मला दोन वर्षे वाटत आले आहे. तो भास आहे की त्यामागे काही कारण आहे, हे मला कळलेले नाही. अनवाणी उभे राहून अ‍ॅम्प्लिफायरच्या लोखंडी पेटीला हात लावला तर बोटांना चुणचुणही जाणवते.

मुख्य अडचण आईची आहे. तिचे वय शहात्तर आहे आणि तिला मोबाइल किंवा लॅपटॉप हाताळता येत नाही. तिला सकाळी पूजेच्या वेळी वडिलांची भजने कोणाच्याही मदतीशिवाय लावता यावीत, एवढीच माझी इच्छा आहे. आमच्याकडे इंटरनेट भरवशाचे नाही आणि पावसाळ्यात वीज दिवसातून अनेकदा जाते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जांभाखाण (रत्नागिरी)

आपल्या प्रश्नात तीन-चार प्रश्न एकत्र आले आहेत. त्यांपैकी आवाजाच्या दर्जाबद्दल मी लिहितो. चुणचुणीबद्दल विजेचे काम करणाऱ्या माणसाने लिहावे. तोपर्यंत त्या पेटीला अनवाणी हात लावू नका आणि आईंनाही लावू देऊ नका.

लॅपटॉपची हेडफोनची खाच कानातील छोट्या स्पीकरसाठी बनवलेली असते आणि तिच्यामागचे सर्किट संगणकाच्या विजेच्या गोंगाटातच बसवलेले असते. तिच्याऐवजी लॅपटॉपच्या यूएसबीला एक साधा डॅक जोडावा. फाइलमधील आकड्यांचे विद्युत-लहरींत रूपांतर करणारी ही लहान डबी असते. तिच्या मागच्या लाल-पांढऱ्या आरसीए खाचांतून केबल काढून ती ऑक्स किंवा ट्यूनर या ठिकाणी जोडावी. फोनो लिहिलेल्या ठिकाणी ती कधीही जोडू नये. तेथे तबकडीच्या सुईतून येणारा अत्यंत क्षीण संकेत साधारण शंभरपट मोठा केला जातो आणि त्याचा खर्ज-तार समतोलही बदलला जातो, त्यामुळे डॅकचा आवाज तेथे फाटतो. बहुतेक डॅक दोन व्होल्टपर्यंत संकेत देतात. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मानाने तो जोरकस असल्यामुळे आवाजाचे बटण थोडेसे फिरवताच घर भरून जाईल. त्यात बिघाड काही नाही. संगणकातील आवाज पूर्ण ठेवून कमी-जास्त करण्याचे काम अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणावर सोपवावे.

सीडी उतरवताना एमपी३ करू नका. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि वाहिन्या दोन, म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. एमपी३ त्यातील बराचसा भाग कायमचा टाकून देतो. फ्लॅक हा फाइलचा दुसरा प्रकार काहीही न टाकता फाइल साधारण निम्म्या आकाराची करतो आणि वाजवताना मूळ बिट जसेच्या तसे परत मिळतात. २००१ पासून तो सर्वांना मुक्त आहे. अडीचशे सीडींना शंभर जीबीच्या आसपास जागा लागेल, आणि आजच्या डिस्कवर ती काहीच नाही.

आपल्याकडील संगीताच्या दृष्टीने फ्लॅकचा आणखी एक उपयोग आहे. ख्यालाच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत यांचे बहुधा दोन वेगळे ट्रॅक केलेले असतात, पण गाणे मध्ये थांबलेले नसते. एमपी३ करताना फाइलच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता भरली जाते. ती वगळण्याची सोय नसलेल्या प्लेयरवर नेमक्या त्या सांध्यावर, तबल्याचा ठेका चालू असताना, आवाज क्षणभर तुटतो. फ्लॅकमध्ये नमुन्यांची संख्या नेमकी नोंदलेली असल्यामुळे चांगला प्लेयर दोन्ही ट्रॅक सलग जोडून वाजवतो. ज्याने तो सांधा एकदा तुटलेला ऐकला आहे, त्याला मी काय म्हणतो ते समजेल.

एक विचारायचे राहिले. दुकानाने कॅसेटच्या एमपी३ किती किलोबिटच्या केल्या आहेत, आणि मूळ कॅसेट अजून आपल्याजवळ आहेत का?

तारमार्ग (मालवण)

मी परवानाधारक वायरमन असून सव्वीस वर्षे याच किनाऱ्यावर काम करतो. हमिंग आणि चुणचुण यांचे कारण बहुधा एकच आहे, आणि नवा डॅक घेतल्याने ते जाणार नाही.

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग दोन पिनांचा आणि लॅपटॉपच्या चार्जरचा तीन पिनांचा असेल, असे मी धरून चालतो. अशा चार्जरच्या आत गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर बसवलेले असतात आणि त्यांतून किंचित गळती करंट अर्थिंगच्या तारेत सोडलेला असतो. अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो आणि कोणाला कळतही नाही. अर्थिंग तुटलेली किंवा कोरडी असेल तर त्याला वाट राहत नाही. मग लॅपटॉपचा बाहेरचा धातू शंभर व्होल्टच्या आसपास तरंगू लागतो. आपल्या केबलच्या बाहेरच्या जाळीतून तो व्होल्टेज अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीवर येतो आणि अनवाणी माणसाच्या अंगातून जमीन शोधतो. तोच करंट केबलच्या जाळीतून वाहत असल्यामुळे स्पीकरमध्ये पन्नास हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा घुमारा ऐकू येतो.

उन्हाळ्यात आवाज वाढतो हा आपला भास नाही, असे मला वाटते. आपल्याकडे जांभा आहे. पावसाचे पाणी तो पटकन खाली जाऊ देतो आणि फेब्रुवारीनंतर वरचा थर ठणठणीत कोरडा पडतो. वीस-तीस वर्षांपूर्वी घराच्या मागे पुरलेली अर्थिंगची पट्टी किंवा पाइप खारट हवेत जमिनीलगतच गंजून तुटलेला मी कितीतरी घरांत पाहिला आहे. वरून तार शाबूत दिसते आणि खाली काहीच नसते.

तपासणी सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून पूर्ण काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवून तेच गाणे लावा. घुमारा आणि चुणचुण दोन्ही गेली तर निदान झाले. मग परवाना असलेल्या वायरमनला बोलावून अर्थिंगचा रोध मोजून घ्या. नवा खड्डा घ्यावा लागला तर तो विहिरीच्या पन्हळीजवळ किंवा न्हाणीघराचे पाणी जाते त्या बाजूला घ्या, म्हणजे माडांना जाणाऱ्या पाण्याचा ओलावा त्याला बारा महिने मिळत राहील. कोळसा आणि मीठ यांचे थर देऊन पाइप उभा पुरतात आणि वर पाणी ओतण्यासाठी तोंड ठेवतात. मार्च ते मे आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओतावे. शिवाय ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. आई घरात एकट्या असताना तो स्टीरिओ लावणार आहेत, म्हणून हे मी विशेष आग्रहाने सांगतो.

हमिंग घालवण्यासाठी चार्जरची अर्थिंगची पिन कापून टाकण्याचा सल्ला काही लोक देतात. आवाज कधीकधी खरोखर थांबतो, पण त्याबरोबर माणसाचे संरक्षणही जाते. असे कोणत्याही परिस्थितीत करू नका.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातील आणि परतीच्या पावसातील विजांच्या वेळी फक्त बटण बंद करून भागत नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग भिंतीतून काढावा आणि छतावरच्या डिशची केबल टीव्हीतून सोडवून ठेवावी. टीव्ही अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला असेल तर त्या केबलवाटे येणारा धक्का दोन्ही यंत्रे घेऊन जातो.

आगरातले घर (वेंगुर्ला तालुका)

आपले मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी चार्जर काढून पाहिला. घुमारा जवळजवळ पूर्ण थांबला आणि चुणचुणही गेली. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची अर्थिंगची पट्टी उकरून पाहिली, तर एका फुटाखाली तिचा नुसता तांबूस भुगा हाताला लागला. वायरमन सोमवारी येणार आहेत. तोपर्यंत सर्व प्लग काढून ठेवले आहेत.

कॅसेटच्या फाइल १२८ किलोबिटच्या आहेत. मूळ कॅसेट माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. सर्व फाइल फ्लॅकमध्ये रूपांतरित केल्या तर त्यांचा आवाज सुधारेल का?

जांभाखाण (रत्नागिरी)

नाही, सुधारणार नाही. एमपी३ने जे टाकून दिले ते फ्लॅकमध्ये परत येत नाही. फक्त फाइल मोठी होते आणि पुढे कोणीतरी तिला मूळ प्रत समजण्याचा धोका निर्माण होतो.

परंतु मूळ कॅसेट आहेत हे वाचून मला फार बरे वाटले. माझे स्पष्ट मत असे आहे की डॅक, प्लेयर, केबल यांच्या आधी आपण त्या ट्रंकेकडे वळावे. आपल्या सीडी इतरत्र कोठे ना कोठे मिळतील. वडिलांचा पखवाज मात्र जगात फक्त त्या चाळीस कॅसेटवर आहे, आणि कोकणातल्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत प्रत्येक पावसाळा त्यातील काही ना काही घेऊन जातो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू १२८ किलोबिटमध्ये सुमारे ४३ मेगाबाइटची होते. तीच सीडीच्या दर्जाने न दाबता उतरवली तर ४७६ मेगाबाइटची होते. या फरकात टाळांची किणकिण आणि पखवाजाच्या शाईवरच्या बोलांची धार असते.

डेक दुरुस्त करून घ्या किंवा कोणाकडून काही दिवसांसाठी चांगल्या स्थितीतील डेक मागून आणा. प्रत्येक कॅसेट आधी डोळ्यांनी तपासा. फितीच्या गुंडाळीवर पांढरट बुरशी दिसली तर ती बाजूला ठेवा आणि थेट लावू नका, कारण ती हेडवर (डेकमधील फीत वाचणाऱ्या भागावर) चिकटून पुढच्या कॅसेटवर जाते. फितीच्या मागे दाबासाठी लावलेली नमद्याची छोटी पट्टी गळून पडलेली नाही ना, हेही पाहा. गळली असेल तर फीत काढून दुसऱ्या, स्क्रूने उघडणाऱ्या कॅसेटच्या खोळीत घालता येते. वाजवण्यापूर्वी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. दर दोन-तीन कॅसेटनंतर हेड आणि रबरी चाकाजवळचा धातूचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

यानंतरची गोष्ट दुकानात कोणी करत नाही, आणि सर्वांत मोठा फरक तिनेच पडतो. ज्या यंत्रावर वडिलांनी ध्वनिमुद्रण केले त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या डेकच्या हेडचा कोन बहुधा वेगळा असेल. या फरकामुळे तार भागातील आवाज बुजतो आणि कॅसेट म्हातारी झाली असे आपल्याला वाटते. हेडच्या शेजारी एक लहान स्क्रू असतो. भजनातील टाळ-झांजा चालू असलेला भाग लावा, दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐका आणि तो स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवत जा. ज्या ठिकाणी टाळ सर्वांत लख्ख वाजतील तेथे थांबा. ध्वनिमुद्रणाचे यंत्र बदलले असेल तेथे हे पुन्हा करावे लागेल. डेक परका असेल तर स्क्रूची मूळ जागा आधी रंगाच्या ठिपक्याने खुणावून ठेवा आणि काम संपल्यावर तो तेथेच आणून सोडा.

डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाजाचे आकडे करून ते संगणकाला देणाऱ्या डबीत) २४ बिटांवर उतरवा. सर्वांत मोठा आवाज शून्याच्या, म्हणजे फाइलमध्ये मावणाऱ्या कमाल पातळीच्या, दहा डेसिबल खाली राहील इतपत पातळी ठेवा, कारण गजर चढला की पखवाजाची थाप अचानक उसळते. खरखर काढणारी साधने मूळ फाइलवर वापरू नका. मूळ प्रत तशीच ठेवून ऐकण्यासाठी वेगळी प्रत करा. कॅसेटच्या कागदावर वडिलांनी लिहिलेला मजकूर, तिथी, बुवांचे नाव, मंदिर यांची छायाचित्रे काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

दाभोळकाठ (दापोली)

आईंना बटण दाबून गाणी लावता यावीत, या भागाबद्दल मी अनुभवाने लिहू शकतो. माझ्या वडिलांसाठी मी हीच व्यवस्था चार वर्षांपूर्वी केली.

लॅपटॉप काढून टाका. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्या आणि त्याच्या यूएसबीला डॅक जोडा. त्यावर म्युझिक प्लेयर डीमन हा मुक्त कार्यक्रम चालवा. त्याला पडदा लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. मग फक्त आकड्यांची एक स्वस्त यूएसबी कळपाटी (कीबोर्ड) जोडा आणि प्रत्येक कळीला एक यादी नेमून द्या. आमच्याकडे एक म्हणजे काकड आरती, दोन म्हणजे अभंग, तीन म्हणजे नाट्यसंगीत आणि शून्य म्हणजे बंद असे ठरले आहे. बाकीच्या कळांवर जाड कागद चिकटवला आहे. वडिलांना दुसऱ्या दिवसापासून मला हाक मारावी लागली नाही.

कॅसेट आणि सीडी एकाच यादीत असतील तर कॅसेट हळू वाजते आणि सीडी एकदम दणकते. रिप्लेगेन नावाची नोंद फाइलच्या टॅगमध्ये घालून घेतली की प्लेयर दोन्ही समान पातळीवर आणतो आणि मूळ आवाजाला धक्का लागत नाही. टॅग देवनागरीत लिहिण्यास हरकत नाही, कारण फ्लॅकचे टॅग युनिकोडमध्येच असतात. मात्र एका गायकाचे नाव सर्वत्र एकाच पद्धतीने लिहा. एका ठिकाणी ‘पं.’ आणि दुसरीकडे ‘पंडित’ लिहिले की प्लेयर त्यांना दोन माणसे समजतो.

वीज अचानक गेल्यामुळे या संगणकाचे मेमरी कार्ड बिघडू शकते. त्याच्या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टीम सुरू केली की कार्डावर काही लिहिलेच जात नाही, आणि वीज कितीही वेळा गेली तरी ते सुरक्षित राहते. कळा नेमण्याचे आणि याद्या बनवण्याचे सर्व काम पूर्ण झाल्यावरच ती सुरू करावी. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह प्रकारचा आहे का ते पाहा. स्क्वेअर वेव्हवर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, आणि अर्थिंग उत्तम असली तरी ते थांबत नाही.

जांभाखाण यांच्या लिखाणात मी एकाच गोष्टीची भर घालतो, आणि ती माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीची आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात आमच्या घराची कौले उडाली. संगणक, हार्ड डिस्क आणि तिची दुसरी प्रत ही सर्व एकाच कपाटात होती आणि सर्व एकत्रच भिजली. दोन प्रती होत्या, पण छप्पर एकच होते. आता एक डिस्क ठाण्याला धाकट्या भावाकडे असते. तो गणपतीला आणि शिमग्याला येताना ती घेऊन येतो, मी नवे ध्वनिमुद्रण तिच्यावर चढवतो आणि जाताना तो ती परत नेतो.

तारमार्ग (मालवण)

एक लहानशी सूचना. अ‍ॅम्प्लिफायर पावसाळ्यात बंद ठेवू नका. रोज तासभर चालला तर आतील उबेने दमट हवा टिकत नाही. आरसीएच्या खाचांवर हिरवट थर चढला असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारून प्लग तीन-चार वेळा गोल फिरवा. आवाजाचे बटण फिरवताना खरखर होत असेल तर त्यावरही हाच उपाय आहे. हे सर्व प्लग भिंतीतून काढल्यावरच करावे. स्पीकरची जाळी काढून पडद्याची कडा पाहा. ती फोमची असेल तर एव्हाना बोट लावताच तुटेल, आणि रबराची असेल तर चिंता नाही.

आगरातले घर (वेंगुर्ला तालुका)

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. नवी अर्थिंग न्हाणीघरामागे घेतली आणि आरसीसीबी बसवला. चार्जर लावलेला असतानाही आता घुमारा नाही आणि चुणचुणही नाही. स्पीकरची कडा रबराची निघाली.

चाळीसपैकी एकतीस कॅसेट उतरवून झाल्या आहेत. सहा कॅसेटवर बुरशी आहे, त्या सिलिका जेल घालून बंद डब्यात वेगळ्या ठेवल्या आहेत. तीन कॅसेटचे नमदे गळले आहेत आणि त्यांच्यासाठी खोळी मागवल्या आहेत. टाळांवर कोन जुळवण्याचे काम पहिल्या दिवशी मला जमेना, कारण मी स्क्रू फार फिरवत होतो. तिसऱ्या दिवशी आई शेजारी बसून ऐकत होती आणि एका ठिकाणी तिनेच मला थांबवले. दुकानाच्या फाइलमध्ये जो नुसता दबका ठोका ऐकू येत होता, तेथे आता वडिलांच्या डाव्या हाताचा घुमता ‘घे’ आणि उजव्या हाताचा ‘तिट’ वेगवेगळे ऐकू येतात. एका कॅसेटच्या शेवटी गजर संपल्यावर ते कोणाला तरी दिवा पुढे सरकवायला सांगतात, तेही स्पष्ट ऐकू येते. दुकानाने तो भाग कापून टाकला होता.

रास्पबेरी पाय आणि कळपाटी आली आहे. एक क्रमांकाची कळ सप्ताहासाठी ठेवली आहे. दाभोळकाठ यांना एक विचारायचे आहे: आईला कॅसेटची दुसरी बाजू पहिलीच्या मागोमाग आपोआप लागायला नको आहे. ती म्हणते की बाजू संपली की थोडा वेळ थांबायला हवे. एका फाइलनंतर प्लेयर थांबेल अशी सोय आहे का?

दाभोळकाठ (दापोली)

आहे. म्युझिक प्लेयर डीमनमध्ये सिंगल नावाची स्थिती असते. ती चालू केली की एक फाइल संपताच प्लेयर थांबतो. एक क्रमांकाच्या कळीला नेमलेल्या आज्ञेत यादी लावण्याआधी सिंगल चालू करण्याची ओळ घाला आणि बाकीच्या कळांमध्ये ती बंद करण्याची ओळ घाला, म्हणजे ख्यालाचे विलंबित आणि द्रुत पूर्वीसारखेच सलग वाजतील. पुढच्या बाजूसाठी अधिकचे चिन्ह असलेली कळ मोकळी ठेवा, कारण कळपाटीवर ती बहुधा आकड्यांच्या बहुतेक कळांपेक्षा मोठी असते आणि चष्म्याशिवायही सापडते.